दिसतंय की सगळं

बुबुळाला साधं कुसळ लागलं तरी माणूस घर डोक्यावर घेतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त सांडलं तर मात्र त्याला पत्ताही नसतो. तो निवांत चहा पीत बसतो. पुढच्या पारदर्शक पटलात, कॉर्नियात, वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंची दाटी इतकी असते की शरीरात तशी दुसरीकडे क्वचितच सापडेल. मागच्या पडद्याला, रेटिनाला, दुखणं ठाऊकच नाही. त्याला फक्त उजेड कळतो. सैन्यात डोळ्यांची डॉक्टर म्हणून माझी नोकरी झाली, तिचा मोठा भाग लडाखमध्ये गेला, त्यामुळे हा फरक रोजच समोर बसलेला असायचा. निवृत्त होऊन साताऱ्याला आले आणि जुनी पुस्तकं, शोधनिबंध वाचायला सवड मिळाली तेव्हा दिसलं, की उंचावर डोळ्यांचं काय होतं याचा इतिहासही याच फरकाने घडवला आहे. जे दुखलं ते अडीच हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलं. जे दुखलं नाही ते नोंदलं जायला विसाव्या शतकाचं सातवं दशक उजाडावं लागलं, आणि ती नोंद झाली बरीचशी आपल्या जवानांच्या डोळ्यांत पाहून.

दुखण्यापासूनच सुरुवात करते. इसवीसनपूर्व ४०१-४०० च्या हिवाळ्यात ग्रीक भाडोत्री सैनिकांची मोठी फौज इराणी राजपुत्राचं फसलेलं बंड मागे टाकून घराकडे निघाली होती. आर्मेनियाच्या पठारावर त्यांना बर्फाने गाठलं. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या झेनोफॉनने ‘अ‍ॅनाबॅसिस’मध्ये लिहून ठेवलंय, की बर्फाने डोळे गेलेले आणि पायांची बोटं झडलेले सैनिक मागे राहिले; आणि चालताना डोळ्यांपुढे काहीतरी काळं धरलं तर डोळे वाचत. कारण त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. उपाय मात्र अचूक आहे.

कारण असं: हवा विरळ होत जाते तसे अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा-बारा टक्क्यांनी. त्यात ताजं बर्फ यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतं. टोपी कपाळावर कितीही पुढे ओढा, मारा खालून येत असतो. कॉर्नियाची वरची त्वचा भाजते, पण लगेच नाही, सहा ते बारा तासांनी. म्हणजे दिवसभर माणूस झकास चालतो आणि रात्री तंबूत त्याच्या डोळ्यांत कुणीतरी मिरचीची पूड टाकल्यासारखा तो तळमळायला लागतो. अशा वेळी सगळे बधिर करणारे थेंब मागतात. तो थेंब टाकला की दोन मिनिटांत डॉक्टर देव होतो. पण पुन्हा पुन्हा टाकला तर भाजलेली त्वचा भरूनच येत नाही. डोळे झाकायचे, अंधारात बसायचं, पोटातून वेदनेची गोळी घ्यायची. हाच हिमांधळेपणा; एक ते तीन दिवसांत बहुतेकांचं आपोआप निभतं.

हिमालयातल्या माणसांना हे सगळं पाठ होतं. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ, डार्विनचा जिवलग मित्र, १८४८-४९ मध्ये सिक्कीमच्या खिंडी पालथ्या घालत होता. याकचे केस कशाकशाला वापरतात हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात टिपलंय: दोर, तंबूचं कापड, आणि बर्फाळ खिंडी ओलांडताना डोळ्यांवर बांधायची विरळ विणीची जाळी. झेनोफॉनचं ते ‘काहीतरी काळं’ इथे रोजच्या वापरातली वस्तू होऊन बसलेलं. मला ही जाळी काचेच्या गॉगलपेक्षा एका बाबतीत सरस वाटते. तिच्यावर श्वासाची वाफ धरत नाही. बाष्प धरलेला गॉगल वैतागून काढून ठेवणं, हे गिर्यारोहणाच्या इतिहासातल्या निम्म्या हिमांधळेपणाचं मूळ असावं असा माझा अंदाज आहे. मोजलेलं कुणी नाही.

आता न दुखणाऱ्याकडे. त्याची पहिली चाहूल डोंगरावर लागली नाही, फुग्यात लागली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी ग्रीनिचच्या वेधशाळेतले हवामानतज्ज्ञ जेम्स ग्लेशर आणि फुगेवाले हेन्री कॉक्सवेल इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून कोळशाच्या गॅसने भरलेल्या फुग्यात वर निघाले. ग्लेशरचं वय तेव्हा त्रेपन्न. समोर फळीवर तापमापक, वायुभारमापक, घड्याळ मांडलेलं. ठरावीक अंतराने आकडे टिपायचे. टोपलीत कबुतरंही होती. सुमारे २९,००० फुटांवर त्याला तापमापकातली पाऱ्याची बारीक रेघ दिसेना. मग घड्याळाचे काटे दिसेनात. झडपेची दोरी गुंतली होती म्हणून कॉक्सवेल वरच्या कड्यावर चढला. ग्लेशरने हात उचलून पाहिला, उचलला गेला नाही. मान एका बाजूला कलंडली. वर कॉक्सवेल अंधुक दिसत होता, आणि क्षणात तोही दिसेनासा झाला, काळोख. पण शुद्ध गेली नव्हती. हा गृहस्थ ठार आंधळा होऊन बसलेला आहे, आपण मरत आहोत असा विचार त्याच्या मनात चालू आहे, आणि पुढे लिहिताना तो सांगतो की दृष्टीच्या मज्जातंतूने अचानक काम सोडलं. डॉक्टर नसलेल्या माणसाने मरणाच्या दारात केलेलं ते निदान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग शुद्धही गेली. कॉक्सवेलचे हात थंडीने काळे पडून निकामी झालेले. त्याने दोरी दातांत धरून ओढली, झडप उघडली, फुगा खाली आला. शुद्धीवर येताच ग्लेशरने पेन्सिल घेतली आणि आकडे टिपायला सुरुवात केली! आपण ३७,००० फुटांवर गेलो होतो हा त्याचा हिशेब नंतरच्यांनी मान्य केला नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मेंदूआधी डोळा गेला, ही यातली खरी गोष्ट. रेटिना हा मेंदूचाच पुढे आलेला तुकडा आहे आणि वजनाच्या मानाने प्राणवायू खाण्यात शरीरातल्या अत्यंत खादाड पेशींत त्याची गणना होते. पुरवठा घटला की पहिली कपात तिथे. आणि त्यात वेदना नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ फुग्यातून तीन फ्रेंच माणसं वर गेली. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाने त्यांना प्राणवायू बरोबर न्यायला शिकवलं होतं. नेलेला साठा अपुरा आहे असं त्याने पत्राने कळवलंही होतं. तोंडाशी नळी लोंबत असताना ती ओढून घेण्याची ताकद राहिली नाही आणि क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल दोघे मेले. वाचलेल्या तिसांदिएने सांगितलं की त्रास असा झालाच नाही, उलट बरं वाटत होतं.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न वैमानिकांच्या डोळ्यांचा झाला. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाकडे सैन्याने लाँग आयलंडवरची प्रयोगशाळा सोपवली, आणि कॉनराड बेरेन्सबरोबर त्याने १९१८ मध्ये उंचीचा डोळ्यांवर होणारा परिणाम यावर निबंध छापला. पुढे १९३९ मध्ये मॅकफार्लंड आणि एव्हान्स यांनी दाखवलं की प्राणवायू कमी पडला की अंधारात पाहण्याची ताकद सर्वांत आधी उतरते. ही उतरण प्रयोगशाळेच्या काटेकोर मोजणीत सुमारे ५,००० फुटांपासूनच सापडू लागते. म्हणून रात्री उडणाऱ्यांना त्या उंचीपासूनच प्राणवायू घ्या असा सल्ला दिला जातो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट आहे. टॉर्च घेऊन मध्यरात्री शिडी चढणाऱ्यांना काहीही जाणवत नाही, जाणवायचं कारणही नाही. पण आपल्या महाराष्ट्रातही या इतिहासाचं एक टोक येऊन टेकलेलं आहे एवढं मला गंमत म्हणून सांगायचंय.

एव्हरेस्टच्या इतिहासात ही दोन्ही दुखणी, दुखणारं आणि न दुखणारं, एकाच माणसाला एकाच दिवशी झाली. ४ जून १९२४. एडवर्ड नॉर्टन आणि हॉवर्ड सॉमरव्हेल प्राणवायूशिवाय उत्तरेच्या बाजूने वर निघाले. सॉमरव्हेल स्वतः शल्यचिकित्सक. पुढे त्याने त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळात आयुष्याचा मोठा भाग घालवला. खोकल्याने त्याचा घसा पार सोलवटला होता, तो मागे थांबला. नॉर्टन एकटा २८,१२६ फुटांपर्यंत, म्हणजे ८,५७३ मीटरपर्यंत पोचला. खाली बहुतेक काळा खडक, बर्फ नाही, मग गॉगल कशाला, म्हणून त्याने तो काढून ठेवला होता. वर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, पाय कुठे टाकायचा ते कळेना. हे दुहेरी दिसणं आपल्या डोळ्यांना ऊन लागल्यामुळे असेल अशी शंका त्याला आली. मला वाटतं तो प्राणवायूच्या अभावाचा प्रताप होता. डोळे हलवणाऱ्या स्नायूंचा मेळ मेंदूला ठेवता येईना. ऊन लागल्याचं फळ रात्री आलं. तंबूत पडल्या पडल्या तो हिमांध झाला आणि सुमारे साठ तास त्याला काही दिसलं नाही.

आणि नेमक्या त्याच तासांत, ६ जूनच्या सकाळी, त्याच मोहिमेतले मॅलरी आणि अर्व्हिन शिखराकडे निघाले. मोहिमेचा नेता नॉर्टन तंबूत डोळे मिटून पडलेला. त्याने हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या, जाताना त्यांना पाहिलं नाही. ८ जूनला त्यांचा सहकारी ओडेलने त्यांना कड्यावर शेवटचं पाहिलं. १ मे १९९९ रोजी मॅलरीचा देह सापडला तेव्हा गॉगल त्याच्या खिशात होता. नॉर्टनचे हाल जवळून पाहून निघालेला माणूस दिवसाउजेडी गॉगल खिशात घालणार नाही, म्हणजे तो पडला तेव्हा अंधार पडलेला असावा, असा तर्क अभ्यासक करतात. बाकीच्या तर्कांबद्दल मला मत नाही, पण हा एक मला डॉक्टर म्हणून पटतो. ज्याने हिमांधळ्याला रात्रभर कण्हताना ऐकलंय तो गॉगल विसरत नाही.

१९५० मध्ये अन्नपूर्णेवर तर आपल्या गोष्टीतली आंधळ्या-पांगळ्याची जोडी खरोखरच अवतरली. ३ जूनला एर्झोग आणि लाशनाल शिखरावर पोचले, परतताना पायांना हिमदंश. त्यांना उतरवायला थांबलेल्या तेरे आणि रेबुफा यांनी वादळात वाट दिसेना म्हणून गॉगल काढले होते. दुसऱ्या दिवशी दोघे आंधळे. पाय गेलेल्यांनी वाट सांगायची आणि डोळे गेलेल्यांनी आधार द्यायचा, अशा रीतीने चौघे उतरले. १९७८ मध्ये मेसनर प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर जाऊन आला, तोही चित्रीकरणासाठी गॉगल काढून, आणि साउथ कोलवर आंधळेपणाने रडत रात्र काढली. शिकलेली माणसं, शतकानुशतकांचा अनुभव पाठीशी, तरी तेच.

पण हे सगळं डोळ्याच्या पुढच्या काचेचं झालं. आतल्या भिंतीकडे अजून कुणी पाहिलंच नव्हतं. पाहण्याचं साधन नव्हतं असंही नाही. हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप १८५१ मध्येच जगापुढे मांडला होता, ग्लेशरच्या उड्डाणाच्या अकरा वर्षं आधी. शंभराहून अधिक वर्षं डॉक्टर लोक मोहिमांबरोबर जात होते, नाडी मोजत होते, श्वास मोजत होते. डोळ्यांत वाकून पाहण्याचं कारण पडलं नाही, कारण कुणी तक्रारच करत नव्हतं.

कारण पडलं १९६२ मध्ये. चीनशी युद्ध पेटलं आणि मैदानातले जवान अंगाला सवय होण्याआधी लडाखच्या उंचीवर नेऊन उतरवावे लागले. आधीच्या शतकांत माणूस चालत वर जायचा. चालण्याच्या दिवसांत रक्त, श्वास, सगळं थोडंथोडं जुळतं व्हायचं. विमानाने ती मुभा काढून घेतली. डोकेदुखी, ओकाऱ्या, झोप उडणं, आणि काहींच्या फुफ्फुसांत पाणी. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ११,००० ते १८,००० फुटांवरच्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापला. उंचीच्या आजारावरचा इतका मोठा अभ्यास तोवर जगात झालेला नव्हता असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी डोळ्यांत वाकून पाहिलं. काहींच्या दृष्टिनाडीचं तोंड सुजलेलं होतं, काहींच्या रेटिनात रक्त होतं. त्यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढून दाबही मोजला. आजारात तो वाढलेला, बरं झाल्यावर उतरलेला. उपचारासाठी त्यांनी लघवी वाढवणारं औषध पुढे केलं होतं, ते मात्र पुढे टिकलं नाही. आधीच शरीर सुकलेल्या माणसाला ते झेपत नाही.

दृष्टिनाडीची सूज म्हणजे काय ते सांगायला हवं. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच दृष्टिनाडीच्या आवरणातही उतरलेलं असतं. कवटीच्या आत दाब वाढला की नाडीच्या तोंडाशी तुंबतं. निरोगी डोळ्यात ते तोंड गोल, फिकट नारिंगी, कड रेखलेली. सूज आली की कड पुसट होते, शिरा फुगून वळणं घेतात. कवटी न उघडता मेंदूची हालत पाहायची ही एक खिडकी.

इंदर सिंगांच्या पाठोपाठ, १९७० मध्ये, कॅनडातल्या माउंट लोगनवरच्या तळाचा अहवाल आला. चार्ल्स ह्यूस्टन हा के-टूवर दोनदा गेलेला डॉक्टर आणि रेजिना फ्रेझर, ड्रमंड रेनी वगैरे मंडळींनी ५,३०० मीटरवर राहिलेल्यांच्या रेटिनाचे फोटो काढले. सुमारे एक तृतीयांश लोकांत रक्तस्राव. बहुतेकांना काही जाणवलेलं नाही. तिथून पुढे मोहिमांच्या सामानात रेटिनाचा कॅमेरा जाऊ लागला. रेनी १९७३ मध्ये धौलागिरीवर गेला तेव्हा तिथेही तसंच दिसलं. २००५ मध्ये चीनमधल्या मुझ्ताग अताच्या चढाईत स्विस डॉक्टरांनी दृष्टिनाडी पाहिली, तर निम्म्याहून अधिक गिर्यारोहकांत सूज. खाली उतरल्यावर ती ओसरली.

मी लेहला असताना कागलकडचा एक तरुण जवान तपासायला आला होता. तक्रार डोळ्यांची नव्हतीच, डोकं दुखतंय म्हणून फिजिशियननी पाठवलेला. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पाहिलं तर उजव्या डोळ्यात ज्योतीच्या आकाराचे लाल फटकारे, नाडीची कड दोन्हीकडे पुसट. मी म्हटलं, डोळ्यात रक्त आहे, वर जायचं नाही. तो हसायला लागला. “मॅडम, दिसतंय की सगळं! तुमच्या मागची ती पाटी बी वाचतो, बघा.” आणि त्याने वाचली. बाहुल्या मोठ्या असताना जवळचं वाचता येत नाही, लांबचं येतं. त्याला आरशात काही दिसत नव्हतं, दुखत नव्हतं, आणि त्याच्या तुकडीतली पोरं वर चौकीवर होती. मी त्याला खाली पाठवल्याचा राग त्याला दिल्लीपर्यंत आला असणार. असे डाग काही आठवड्यांत विरतात. तो फटकारा मधल्या बिंदूवर, मॅक्युलावर, पडला असता तर गोष्ट निराळी होती. मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो, आणि तो काही वेळा कायमचा राहतो. सरळ वर पाठवलं असतं तर जोराच्या खोकल्यानेही नवी शीर फुटू शकली असती.

सगळ्या गोष्टींचा दोष उंचीवर टाकायची सवयही आम्हा लोकांना लागते, म्हणून एक उलटा दाखला. उंचावर ऊन कडक, म्हणजे डोंगराळ गावांत मोतीबिंदू जास्त, असं कुणीही म्हणेल. भारतात देवीच्या निर्मूलनाचं काम केलेल्या लॅरी ब्रिलियंटने नेपाळच्या अंधत्व पाहणीतले आकडे १९८३ मध्ये मांडले, तेव्हा चित्र उलटं निघालं. मोतीबिंदू तराईच्या मैदानात जास्त, डोंगरात कमी. डोंगरातल्या गावांवर आजूबाजूच्या कड्यांची सावली असते. सूर्य उशिरा उगवतो, लवकर मावळतो.

आणि एक दाखला माणसाने स्वतः आणलेल्या संकटाचा. मे १९९६. डॅलसचे पॅथॉलॉजिस्ट बेक वेदर्स एव्हरेस्टच्या शेवटच्या टप्प्यावर होते. चष्मा जावा म्हणून त्यांनी पूर्वी कॉर्नियावर आऱ्यांसारखे छेद देणारी शस्त्रक्रिया करून घेतली होती. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. विरळ हवेत छेदांच्या जागा फुगल्या, मधला भाग चपटा झाला, आणि पहाटे त्यांना समोरचं दिसेनासं झालं. त्यांना थांबायला सांगितलं गेलं, मग वादळ आलं. दोनदा मेलेलं समजून सोडून दिलेला हा माणूस चालत छावणीत आला. एक हात, दुसऱ्या हाताची बोटं आणि नाक मात्र गेलं. अमेरिकी लष्करातल्या नेत्रतज्ज्ञांनी त्याच दशकात पाइक्स पीकवर, ४,३०० मीटरवर, अशी शस्त्रक्रिया झालेले डोळे मोजून ही गोष्ट पक्की केली. खाली आलं की नंबर पूर्ववत. आजच्या लेझर शस्त्रक्रियेत हा फरक खूपच कमी पडतो, पण विचारून जावं.

विचारायला येतात म्हणूनच हे लिहायला घेतलं. साताऱ्या-पुण्याची मुलं पहाटे दिल्लीचं विमान धरतात आणि सकाळी लेहला ३,५०० मीटरवर उतरतात. १९६२ च्या जवानांना हुकूम होता. यांनी तिकीट काढलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,६०० फूट. आठशे फूट पाटीवरच चढवलेले! डोळ्यांना फरक पडायला खरी उंचीसुद्धा पुरे आहे. ट्रेकवाल्यांचा वैद्यकीय फॉर्म घेऊन ही मुलं सही मागायला येतात. त्यात रक्तदाब आहे, नाडी आहे, दमा, मधुमेह, झटके, सगळं आहे. डोळ्यांसाठी एकच ओळ असते: चष्मा आहे का, हो की नाही. मी त्यांचे थेंब टाकून डोळे तपासते आणि जे सापडेल ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते, कारण पुढे जागाच ठेवलेली नाही.